वाफसा पाहणारे रज्जाकमामू

अमरावतीच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली. तिथं माती यायची ती वाळवून, कुटून, चाळून, पिशवीत भरून. पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, गाव आणि गट नंबर. मी तिच्यातलं नत्र, स्फुरद, पालाश काढायचे आणि कार्डावर लिहून द्यायचे. शेतकरी कार्डाची घडी घालून खिशात ठेवायचा, आणि माझी खात्री आहे, पुढच्या धुण्यात त्याचा लगदा निघत असणार. त्यामुळे चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत मला मातीचा चांगलाच कंटाळा आला होता. माणसांचा तर त्याआधीच आला होता.

अशा दिवसांत, एप्रिलातल्या एका दुपारी, रज्जाकमामू जेवणाचा स्टीलचा डबा घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मला वाटलं, कुणाचा तरी डबा पोचवायला आले असतील. त्यांनी झाकण काढलं. आत कापूस भरलेला आणि त्या कापसात, अंडी ठेवावीत तशी, काळ्या मातीची चार ढेकळं.

"म्याडम, इच्यात हवा किती हाय ते लिहून द्या."

"कशात?"

"मातीत."

मी नेहमीच्या सुरात सांगितलं, की ढेकळं चालत नाहीत, माती कुटून आणायची असते, पाटी बाहेर लावलेली आहे. मामूंनी पाटी वाचलेली होती.

"कुटल्यावर हवा राहीन काय तिच्यात?" त्यांनी विचारलं.

कॉलेजात आम्ही हे शिकलो होतो. चांगल्या जमिनीत निम्मी माती असते आणि निम्मी मोकळी जागा, त्या मोकळ्या जागेत थोडं पाणी, थोडी हवा, आणि त्या जागेवरच मुळांचं सगळं चालतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी तो छान सोडवला होता. पण नोकरीत ती जागा मोजून द्या असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या कार्डावर त्यासाठी रकानाच नव्हता.

"वावर कुठलं?"

"वलगावचं. नामदेवरावचं."

"तुमचं नाही?"

"माझं वावर नाई, म्याडम. माझा ट्रॅक्टर हाय."

मामू उंच आणि वाळके होते. पांढरी दाढी बारीक कापलेली, डोक्यावर जाळीची टोपी, आणि अंगाला डिझेलचा वास. हा वास ईदच्या दिवशी अत्तरालाही आटोपायचा नाही, असं चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या. डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. आणि बरोबर एक लोखंडी सळई. हातभर लांब, टोक घासून अणकुचीदार केलेलं, वरच्या बाजूला जुन्या सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवलेली. ती त्यांनी सासरी अकोटला गेले असताना एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली होती. एसटीत कंडक्टर ती सळई पाहून दर वेळी चौकशी करायचा आणि मामू दर वेळी त्याला सगळं समजावून सांगायचे, अगदी तिकीट फाडायचं राहून जाईपर्यंत.

ती सळई ते जमिनीत खुपसायचे. हाताच्या एका दाबानं ती कुठवर जाते आणि कुठं अडते, हे पाहायचे. आमच्या प्रयोगशाळेच्या अंगणातसुद्धा त्यांनी ती खुपसून पाहिली आणि निकाल दिला, की इथं साहेबलोकांच्या गाड्या उभ्या राहतात, म्हणून इथलं झाड मरणार. अंगणातलं ते बकुळीचं रोप दोन वर्षांनी खरोखरच गेलं. साहेबांनी माळ्याला बोल लावला.

दुसरी खोड चहाची. मामू चहा बशीत ओतून प्यायचे, आणि शेवटचा घोट कधीच प्यायचे नाहीत. तो ते जमिनीवर ओतायचे आणि मान वाकवून बघत बसायचे. चहा चटकन मुरला तर चेहरा खुलायचा. तसाच राहिला, त्याचं तळं झालं, तर "दबली बिचारी" म्हणायचे. फरशी असेल तिथं त्यांची फार पंचाईत व्हायची. पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवात चहा ओतला आणि मांडववाल्याला सांगितलं, की या कोपऱ्यातले खांब पक्के बसतील, त्या कोपऱ्यातले हलतील. चाचींनी हा किस्सा मला तीनदा सांगितला असेल. "बेटी की बिदाई हो रही, और ये जमीन देखते बैठे," असं म्हणून त्या कपाळाला हात लावायच्या. "मेरे घुटनों की इतनी फिकर किये होते तो मैं आज दौडती."

पण मामूंचं गावात नाव झालं होतं ते वेगळ्याच कारणानं. लोक त्यांना 'उद्यावाले मामू' म्हणायचे.

आमच्या काळ्या मातीचा स्वभाव ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाऊस झाला की ती फुगते आणि चिकट होते, पायाला किलोकिलोनं लागते. वाळली की आखडते, आणि भेगा अशा पडतात की हात घालावा. या दोन्हींच्या मध्ये थोडेच दिवस असे येतात की माती ओली असते पण चिकटत नाही, हातात सुटी होते, आत हवा खेळते. त्याला वाफसा म्हणतात. वावरात शिरायचं ते वाफशावर. आधी शिरलं तर चाकाखाली माती दबते, तिच्यातली मोकळी जागा मिटते, आणि एकदा मिटलेली जागा लवकर उघडत नाही. हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं. पण शेजारच्या वावरात ट्रॅक्टर चालू झाला की माहीत असलेलं विसरायला होतं. बैल होते तेव्हा चिखलात तेच पाऊल टाकायचे नाहीत. ट्रॅक्टरला तेवढी अक्कल नाही.

मामूंचा नियम असा, की कुणी कामाला बोलावलं तर ट्रॅक्टर धुऱ्याबाहेर थांबवायचा. धुरा म्हणजे वावराचा बांध. चपला काढायच्या. अनवाणी आत जायचं. चार ठिकाणी सळई खुपसायची, वीतभर खालची माती काढून मुठीत दाबून तिचा गोळा करायचा आणि तो कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. गोळा फुटला तर ट्रॅक्टर आत. नुसता चपटा झाला तर मामू चपला हातात घेऊन परत.

"आज नाई. उद्या पाहू."

पेरणीच्या ऐन धांदलीत हे ऐकून घ्यायला किती माणसं तयार असणार? ती दुसरा ट्रॅक्टर बोलवायची. मामूंचा मुलगा इरफान यावरून घरात आदळआपट करायचा. मामू म्हणायचे, "माती कुठं पळून चालली काय?"

एकदा दुपारी प्रयोगशाळेत फोन आला. चांदूर रेल्वेकडचे एक बागायतदार होते आणि भलतेच तापले होते. त्यांचं म्हणणं, मी कोण लागून गेले त्यांची पेरणी थांबवणारी? मला काही कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. मामू त्यांच्याकडे एवढ्या लांबून ट्रॅक्टर घेऊन गेले होते, सकाळी गोळा टाकून पाहिला, तो चपटा झाला, आणि मामू तसेच ट्रॅक्टर वळवून वलगावला परत निघाले. जाताना त्यांना सांगून गेले, की अमरावतीच्या म्याडमनं मना केलं आहे.

मी मामूंना बोलावून घेतलं आणि चांगलं झाडलं. मी कधी मना केलं?

"तुमी तिथं असत्या त हेच म्हनल्या असत्या ना?"

"मामू, हे असं माझं नाव वापरायचं नाही."

"ठीक हाय," मामू म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पन माझं कोनी ऐकत नाई, म्याडम. तुमचं ऐकतेत. तुमच्या जवळ काच्चेच्या नळ्या हायेत."

मला हसू आलं, आणि रागावणं राहून गेलं. त्यांच्यापुढं माझं नेहमी असंच व्हायचं.

त्या डब्यातल्या ढेकळांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ढेकळं मोजायची आमच्याकडे सोय नव्हती, म्हणून मी जुन्या कपाटातून लोखंडी नळकांडी शोधून काढली. ती जमिनीत ठोकायची, आतली माती न हलवता काढायची, भट्टीत वाळवायची आणि तोलायची. सारख्याच मापाच्या दोन नळकांड्यांत जी माती जास्त भरेल ती दबलेली, तिच्यात जागा कमी. मी मामूंना म्हटलं, आता जमीन वाळून दगड झाली आहे, ओल आल्यावर येते. पोळा झाल्यावर मी वलगावला गेले. एक नमुना तेव्हा काढू आणि दुसरा पुढच्या आठवड्यात, असा माझा बेत होता, कारण त्या दिवशी मला लवकर परतायचं होतं.

"नाई चालनार," मामू म्हणाले. "दोनी एकाच दिवशी काढा. आपली माती फुगते न आखडते. एक आज न एक आठ दिवसानं काढसान त माप खोटं येईन."

ते माझ्या पुस्तकात होतं आणि मी विसरले होते. मी मुकाट्यानं दोन्ही काढायला बसले.

एक नमुना धुऱ्यावरच्या बाभळीखालचा, जिथं कधी चाक गेलं नव्हतं. दुसरा खालच्या अंगाच्या पट्ट्यातला. चार एकरांचं वावर, बाकी सगळीकडे सोयाबीन गुडघ्याच्या वर, आणि या पट्ट्यात वीतभर, पिवळं पडलेलं. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी तिथं पाणी साचलेलं होतं. मी नळकांड्यावर लाकडी ठोकळा धरला होता आणि मामू हातोडा मारत होते. मारता मारताच त्यांनी सांगितलं.

"हे माझं काम हाय, म्याडम."

नामदेवराव त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. दोघं वलगावच्या एकाच शाळेत आणि एकाच वर्गात दोनदा नापास झालेले. चार वर्षांपूर्वी सोयाबीनच्या हंगामात नामदेवरावांचं सोयाबीन कापून वावरात ढीग पडले होते, आभाळ भरून आलं होतं आणि आदल्या पावसानं जमीन ओली होती. नामदेवराव म्हणाले, रज्जाक, ट्रॉली आण. मामूंनी आणली. खालच्या अंगानं दुपारभर भरलेली ट्रॉली ओढली. सोयाबीनचा दाणादाणा वाचला. दोघांनी त्या रात्री वावरातच भाकरी खाल्ली. पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात पीक धरेना.

"इथपर्यंत ठीक हाय," मामू म्हणाले. "मित्राचं पीक वाचवलं. वावराले लागलं, ते भरून आलं असतं. पुढची चूक माझी हाय."

पट्टा लवकर सुधारावा म्हणून त्यांना घाई झाली. दुसऱ्या वर्षी वाफशाची वाट न पाहता त्यांनी त्या पट्ट्यात रोटाव्हेटर घातला. वरची माती पिठासारखी झाली आणि ती पाहून दोघं खूश झाले. खाली, वीतभर अंतरावर, पात्यांनी ओली माती घासून घासून तिचा थर केला होता. तो कुणाला दिसला नाही. त्या पावसाळ्यात पट्ट्यात पाणी तुंबलं आणि जे होतं तेही सडलं.

"नामदेव हसला. म्हने, जाऊ दे रे, तिथं आपन म्हशी लोळवू." मामूंनी हातोडा खाली ठेवला. "तो हसला त मले लय वाईट वाटलं. शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं."

त्याच हिवाळ्यात नामदेवराव गेले. झोपेतच गेले. तेराव्यानंतर मामू भेटायला गेले तेव्हा नामदेवरावांच्या पत्नी गुंफाबाई त्यांना म्हणाल्या, "भाऊ, आता आमच्या वावरात ट्रॅक्टर नका आनू." एवढंच. आवाज चढवला नाही, बोलणं तोडलं नाही, चहा दिल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्यानंतर त्या किसन नावाच्या एका माणसाचे बैल भाड्यानं बोलवायच्या आणि वखर-पेरणी सगळी बैलांवर करायच्या.

उद्यावाले मामू झाले ते त्यानंतर. त्याआधी ते इतरांसारखेच होते, पावसात ट्रॅक्टर घालणारे. त्यांना आता एकच हवं होतं. तो पट्टा पहिल्यासारखा व्हावा, आणि गुंफावहिनींनी एकदा म्हणावं, भाऊ, ट्रॅक्टर आणा. हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं आणि मग वळून नाक शिंकरलं.

नळकांडी वाळली तेव्हा मी मामूंनाच तागडीपाशी उभं केलं. पट्ट्यातल्या मातीचं पारडं खाली गेलं. त्यांनी दोन्ही नळकांडी दोन हातांत घेऊन तोलली आणि मान हलवली. मी एक कागद टाइप केला आणि त्यावर शिक्का मारला. आमच्या प्रयोगशाळेनं असा कागद आजवर कुणाला दिला नव्हता, आणि साहेबांना कळलं असतं तर त्यांनी मला वेगळाच कागद दिला असता, मेमोचा.

कागद घेऊन मी एकटी गुंफाबाईंकडे गेले. मामू चौकात थांबले. गुंफाबाई ठेंगण्या, काटक, नऊवारी नेसलेल्या, आणि कमी बोलणाऱ्या. मी सांगितलं, की पट्ट्यातली माती जड निघाली.

"जड म्हंजे दमदार ना?"

मी म्हटलं, नाही. आणि सांगायला गेले तर शब्द सुचेनात, म्हणून त्यांना वावरात नेलं. एक नळकांडं बाभळीखाली रोवलं, एक पट्ट्यात, आणि दोन्हींत एकेक तांब्या पाणी ओतलं. बाभळीखालचं पाणी आमच्या बोलण्यातच मुरलं. पट्ट्यातलं तसंच राहिलं, त्यात आभाळ दिसत होतं. गुंफाबाई उकिडव्या बसून ते बघत राहिल्या.

"इले श्वास घेता येत नाई," त्या म्हणाल्या.

"हो. असंच."

"मंग काय कराव लागते?"

मी सांगितलं, की या पट्ट्यात चार-पाच वर्षं फक्त तूर लावा. तुरीचं मूळ खोल जातं, थर फोडतं. मूळ कुजलं की त्याच्या वाटेनं पाणी आणि हवा जाते. शेणखत टाका. आणि त्यात कुठलंही चाक जाऊ देऊ नका. हे सगळं मामूंनी आदल्या दिवशी मला पढवलं होतं. काही मलाही माहीत होतं, पण क्रम त्यांचा होता.

गुंफाबाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

"हे तुमी सांगून राहिल्या का रज्जाकभाऊ?"

मी खोटं बोलणार होते. बोलले नाही. "दोघंही," म्हटलं.

"मंग लावतो," त्या म्हणाल्या. तेवढ्यावर विषय संपला.

त्यानंतर दर वर्षी, तूर निघाली की, जानेवारीच्या शेवटी मामू वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक धसकट घेऊन प्रयोगशाळेत यायचे. कापलेल्या तुरीचं उरलेलं खोड, मुळासकट, खणून काढलेलं, ओढून नव्हे. ते माझ्या टेबलावर ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. पहिल्या वर्षीचं मूळ वीतभर खाली गेलं होतं आणि तिथून कोपरासारखं आडवं वळलं होतं. तो थर कुठं आहे हे मुळानं अगदी नेमकं दाखवलं होतं. दुसऱ्या वर्षीचं तसंच. तिसऱ्या वर्षी मुख्य मूळ आडवंच, पण त्याच्यातून एक दोऱ्याएवढं मूळ खाली उतरलेलं. मामूंनी ते मला बोट लावून दाखवलं आणि म्हणाले, "पाहा, बदमाश कसा घुसला."

त्या दिवशी त्यांनी अख्ख्या ऑफिसला भजी खाऊ घातली. साहेबांनी विचारलं कशाबद्दल, तर आमच्या कारकुनानं सांगितलं, "सर, मूळ खाली गेलं." साहेबांनी भजी खाल्ली आणि पुढं काही विचारलं नाही.

मी ती धसकटं कपाटावर ओळीनं ठेवली होती, प्रत्येकाला वर्षाची चिठ्ठी बांधून. झाडणाऱ्या बाईंनी एकदा चुलीसाठी नेली तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन परत आणली. चौथ्या वर्षीचं आलं आणि माझी अकोल्याला बदली झाली. सामान बांधताना माझे यजमान म्हणाले, "अहो, अकोल्यात तुरीची धसकटं मिळत नाहीत का?" मी धसकटं आधी बांधली. पाचवं धसकट मामू स्वतः अकोल्याला घेऊन आले. ते सरळ होतं. अगदी ओळंब्यात नव्हे, मध्ये थोडं वाकडं, पण वीतभराच्या खाली, आणखी दोन वीत खाली गेलेलं. मी काही बोलण्याआधी मामूंनी ते परत वर्तमानपत्रात गुंडाळलं.

"हे तुमच्याजवळ नाई ठेवत, म्याडम. हे वहिनीले दाखवाचं हाय."

दाखवलं असणार. पण गुंफाबाईंनी ट्रॅक्टर बोलावला नाही. त्यांनी पुढच्या हंगामात, तुरीनंतर पहिल्यांदाच, पट्ट्यातही सोयाबीन पेरलं, किसनच्या बैलांवर. मामू फोनवर मला त्या सोयाबीनची उंची सांगायचे. "सारखं हाय, म्याडम. पट्टा ओळखू येत नाई." आवाजात आनंद असायचा, आणि आनंदाच्या मागं काहीतरी अडलेलं असायचं. पट्टा तर सुधारला, आता बोलवायला काय हरकत आहे, असं मला वाटायचं. मला गुंफाबाईंचा राग यायचा. मामूंना कधी आला नाही. "त्याइचं वावर हाय," ते म्हणायचे.

मग त्या हिवाळ्याच्या तोंडाशी किसननं बैल विकले. गावात भाड्यानं देण्यासारखी ती शेवटची जोडी होती. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायचा होता, आणि मध्येच दोन दिवस पाऊस झाला. शुक्रवारी संध्याकाळी मला अकोल्याला गुंफाबाईंचा फोन आला. मामूंचं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर होतं.

"म्याडम, रज्जाकभाऊले सांगजा. वावर पेराचं हाय. रविवारी ट्रॅक्टर घेऊन याव म्हना."

मी मामूंना फोन केला. त्यांनी मला निरोप दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, "तुमी येसान काय?"

मी रविवारी पहाटेची एसटी धरली. वावरात पोचले तेव्हा गुंफाबाई धुऱ्यावर बियाण्याची पोती घेऊन उभ्या होत्या. आजूबाजूच्या तिन्ही वावरांत ट्रॅक्टर चालू होते. मामू आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, धुतलेला ट्रॅक्टर, मागं पेरणी यंत्र, आणि दाढीला मेंदी, जी मी एरवी कधीच पाहिली नव्हती. चाचींनी लावून दिली असणार. त्यांनी ट्रॅक्टर धुऱ्याबाहेर थांबवला आणि बंद केला. चपला काढल्या.

ते आत गेले. सळई खुपसली, पुढं गेले, पुन्हा खुपसली. पट्ट्यात ती मुठीपर्यंत आत गेली. आम्ही दोघींनी ते पाहिलं. मग त्यांनी वाकून वीतभर खालची माती काढली, मुठीत दाबली आणि गोळा कमरेवरून सोडला.

गोळा फुटला नाही.

त्यांनी दुसरा केला. तोही चपटा झाला. मामू तिथंच उभे राहिले, खाली बघत. मला वाटलं, मामू, फुटला म्हणा. सात-आठ वर्षं वाट पाहिलीत, सगळं गाव पेरून राहिलंय, थोडं इकडे-तिकडे चालतं. खरंच सांगते, मी मनातल्या मनात त्यांना ढकलत होते.

मामू धुऱ्यापाशी आले. चेहरा उतरला होता.

"वहिनी," ते म्हणाले, "आज नाई."

गुंफाबाईंनी शेजारच्या ट्रॅक्टरांकडे पाहिलं. मग मामूंकडे पाहिलं.

"कधी?"

"परवा. ऊन पडलं त."

पोत्याआड किटली होती, तिच्यातून गुंफाबाईंनी चहा ओतला. मामूंनी तो बशीतून घेतला आणि शेवटचा घोट पट्ट्याच्या कडेला ओतला. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. चहा मातीत गेला, कडेला थोडा फेस राहिला आणि तोही गेला.

मामूंनी बशी परत दिली आणि ट्रॅक्टरकडे वळले. चढायला पाय ठेवला तेव्हा गुंफाबाई मागून म्हणाल्या, "भाऊ, ट्रॅक्टर कायले नेता? परवा पुन्हा आनाचाच हाय ना. राहू द्या इथंच, आमच्या धुऱ्यावर."

मामूंनी ठेवलेला पाय खाली घेतला. "हो, वहिनी," म्हणाले.

परवा त्यांनी पेरणी केली, हे मला फोनवर कळलं. हरभरा कसा आला तेही कळलं. पुढच्या वर्षी मामू गेले, मला बातमी उशिरा मिळाली आणि माझं जाणं झालं नाही, ही माझी चूक आहे. चार धसकटं अजून माझ्या अकोल्याच्या घरात आहेत. सरळ मूळ गुंफाबाईंच्या घरी आहे, देवाच्या कोनाड्याशेजारच्या खुंटीला टांगलेलं.

पण मी पाहिलेले शेवटचे मामू त्या रविवारचे. मी वलगावहून अमरावतीच्या ऑटोत बसून निघाले होते आणि रस्त्याच्या कडेनं ते घराकडे चालले होते. एका हातात चपला, दुसऱ्या हातात सळई, पायांना घोट्यापर्यंत गुंफाबाईंच्या वावराची माती. मी हाक मारली, ऑटो थांबवते म्हटलं. त्यांनी सळई वर करून नको म्हणून सांगितलं आणि माती न झटकता तसेच चालत राहिले.